क्रूझवर डॉक्टर असतो, हॉस्पिटल नसतं

"डॉक्टर, क्रूझसारखी सोपी ट्रिप नाही. चढउतार नाही, रोज बॅगा बांधायच्या नाहीत, जेवण समोर येतं, आणि जहाजावर डॉक्टर असतोच की!"

साठी-सत्तरीच्या पेशंटकडून, आणि त्याहून जास्त त्यांच्या मुलांकडून, हे हल्ली फार ऐकायला मिळतं. आईबाबांच्या लग्नाचा चाळिसावा वाढदिवस, वडिलांची निवृत्ती, आजोबांची पंचाहत्तरी. भेट काय द्यायची? क्रूझ. मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीप, आणि जरा हात सैल असेल तर सिंगापूरहून तीन-चार रात्री.

माझा क्रूझला अजिबात विरोध नाही. आयुष्यभर लोकलला लटकलेल्या माणसाने चार दिवस डेकवर बसून समुद्र बघावा, यात आनंदच आहे. माझा विरोध आहे तो 'सोपी ट्रिप' या शब्दांना. सोपी म्हटली की तयारी कुणी करत नाही. चारधामला जायचं ठरलं की तोच माणूस दोन महिने आधीपासून सकाळी चालायला जातो, तपासण्या करून घेतो, औषधांची यादी करतो. क्रूझला निघताना मात्र गॉगल आणि फुलाफुलांचा शर्ट घेतला की तयारी संपली. आणि जहाज किनारा सोडतं तेव्हा तुमचं नेहमीचं हॉस्पिटल, तुमचा डॉक्टर, कोपऱ्यावरचा केमिस्ट हे सगळं किनाऱ्यावरच राहतं. पहिल्यांदा क्रूझला जाणाऱ्याला नेमकं हेच कुणी सांगत नाही.

तयारी होते ती कशाची?

सहलीचा व्हॉट्सअॅप ग्रुप उघडून बघा. कुठल्या रात्री कुठल्या रंगाचे कपडे, टी-शर्टचा साइज, जैन जेवण हवं का, कोण कोणासोबत केबिनमध्ये राहणार, याच्यावर शंभर मेसेज. मधुमेह कोणाला आहे, स्टेंट कोणाला बसवलाय, कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, यावर एकही नाही. जहाज कंपनीचा आरोग्याचा फॉर्म येतो तेव्हा तो मुलगा ऑफिसमध्ये बसून भरतो आणि सगळीकडे 'नाही' वर टिक करतो. हेतू वाईट नसतो. "उगाच अडवायला नको" एवढाच विचार असतो.

मग निघायच्या दोन दिवस आधी फोन येतो: "डॉक्टर, बाबा फिट आहेत असं एका कागदावर लिहून द्या." लक्षात घ्या, माझी सही असलेला कागद बाबांची शुगर खाली आणत नाही. तो कागद मागण्यापेक्षा महिनाभर आधी बाबांनाच घेऊन या. आणि न तपासता असा कागद देणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंनाही सांगतो, आपण त्या माणसावर उपकार करत नाही. दर्यात काही झालं, तर जहाजावरचा डॉक्टर आपलाच कागद वाचून उपचार करणार आहे.

जहाजावरचा डॉक्टर काय करू शकतो?

बरंच काही. मोठ्या प्रवासी जहाजांवर डॉक्टर आणि नर्स असतात. ईसीजी, ऑक्सिजन, शॉक देण्याचं यंत्र, सलाइन, प्राथमिक रक्ततपासण्या, बऱ्याचदा एक्स-रे, टाके घालण्याची सोय असते. ताप, जुलाब, दम्याचा झटका, मुरगळलेला पाय ते व्यवस्थित सांभाळतात.

पण तिथे सहसा अँजिओप्लास्टीची कॅथलॅब नसते. सीटी स्कॅन नसतो. रक्तपेढी नसते. नियमित डायलिसिसची सोय एरवीच्या जहाजांवर नसते. छातीत दुखायला लागलं तर तिथला डॉक्टर पेशंट स्थिर ठेवण्याचा प्रयत्न करेल, प्रसंगी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देईल, आणि मग जहाज जवळच्या बंदराकडे वळवायचं की तटरक्षक दलाची मदत मागायची हे कप्तान आणि तो मिळून ठरवतील. हेलिकॉप्टर प्रत्येक ठिकाणी पोचू शकत नाही, आणि खराब हवेत उडूही शकत नाही. पक्षाघातात आणि हार्ट अटॅकमध्ये तासांना, कधी मिनिटांना किंमत असते. शहरात अर्ध्या तासात हॉस्पिटल गाठता येतं. खुल्या समुद्रात तेच अंतर अर्ध्या दिवसाचं असू शकतं.

म्हणून "डॉक्टर असतोच की" हे उत्तर नव्हे. जे आजार अचानक बिघडू शकतात ते किनाऱ्यावर असतानाच ताब्यात आणायचे असतात. गेल्या महिन्याभरात छातीत दुखलं असेल, जिना चढताना नव्याने धाप लागत असेल, पायावर सूज येत असेल, नुकताच स्टेंट बसला असेल, तर आधी हृदयरोगतज्ज्ञांना भेटा. ट्रिप पुढे ढकलायची वेळ आली तर ती ढकला. समुद्र कुठे जात नाही.

गर्भवती महिलांसाठी एक वेगळी सूचना: बहुतेक क्रूझ कंपन्या प्रवास संपेपर्यंत २४ आठवडे पूर्ण होणार असतील तर जहाजावर घेत नाहीत. तान्ह्या बाळांसाठीही वयाची अट असते. बुकिंग करण्याआधी विचारा, बंदरावर जाऊन वाद घालू नका.

बोट लागणं

कोकणातल्या जुन्या मंडळींना हे नव्याने सांगायला नको. भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावाला जाणाऱ्या पिढीनेच 'बोट लागणे' हा शब्द घरोघरी पोचवला. आतला कान मेंदूला सांगतो की आपण हलतोय, आणि डोळ्यांना केबिनची स्थिर भिंत दिसते. या दोन बातम्या जुळत नाहीत, म्हणून मळमळ, घाम, उलटी. आजच्या मोठ्या जहाजांना डुलणं कमी करणारे पंख असतात, त्यामुळे त्रास पूर्वीपेक्षा कमी होतो. नाहीसा होत नाही. पावसाळी, वादळी हवेत तर नाहीच.

काय करायचं?

• केबिन घेताना जहाजाच्या मधली आणि खालच्या मजल्यावरची घ्या. उंच मजल्यावरची, टोकाची केबिन सुंदर दिसते, पण तीच सगळ्यात जास्त हलते.
• मळमळायला लागलं की आत पडून मोबाइल बघू नका. डेकवर या, क्षितिजाकडे बघा.
• पोट रिकामंही नको आणि तुडुंबही नको. आलं चघळलं तर काहींना बरं वाटतं.
• गोळी घ्यायची तर जहाज सुटण्याआधी घ्यायची. उलट्या सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकतच नाही.

गोळीबद्दल दोन गैरसमज. पहिला: उलटीवरची कुठलीही गोळी चालते. घरोघरी असणारी ओंडान्सेट्रॉन ही गोळी इतर उलट्यांवर चांगली आहे, पण बोट लागू नये म्हणून तिचा फारसा उपयोग होत नाही. त्यासाठी प्रोमेथाझिन, मेक्लिझिन अशी वेगळ्या गटातली औषधं असतात. दुसरा गैरसमज: ती साधी गोळी आहे, कुणीही घ्यावी. या औषधांनी झोप येते, तोंड कोरडं पडतं. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अडकू शकते, काही प्रकारच्या काचबिंदूत डोळ्याचा दाब वाढू शकतो, वयस्कर माणूस गोंधळू शकतो. वर दारू घेतली तर झोकांडी नक्की. आणि जहाजाच्या बाथरूमच्या, बाल्कनीच्या दाराशी उंबरा असतो. हलतं जहाज, रात्रीचा अंधार, गुंगी आणि उंबरा. खुब्याचं हाड मोडायला याहून जास्त काही लागत नाही. शेजाऱ्याची गोळी घेऊ नका. तुमची तुम्ही विचारून घ्या.

प्रत्येक उलटी म्हणजे बोट लागणं नव्हे

हा परिच्छेद घाईत असाल तरी वाचाच.

मधुमेही माणसाला, वयस्कर स्त्रीला हार्ट अटॅक आला तरी छातीत दुखेलच असं नाही. दरदरून घाम, मळमळ, उलटी, जबड्यात किंवा पोटाच्या वरच्या भागात अस्वस्थपणा, एवढंच असू शकतं. अचानक गरगरणं, उभं राहता न येणं, बोलताना जीभ अडखळणं, डोळ्यांसमोर अंधारी किंवा दोन-दोन दिसणं, हा मेंदूच्या मागच्या भागातला पक्षाघात असू शकतो. जमिनीवर असता तर घरच्यांनी लगेच रिक्षा केली असती. जहाजावर सगळे म्हणतात, "बोट लागली, लिंबू चोखा, झोपा." आणि माणूस झोपतो.

समुद्र शांत असताना एकट्यालाच त्रास होतोय, घाम फुटलाय, छातीत भरून आलंय, बोलणं किंवा चालणं बदललंय, तर झोपवू नका. केबिनमधल्या फोनवरून लगेच वैद्यकीय मदत बोलवा. ईसीजी नॉर्मल आला तर उत्तमच. त्याला पैसे वाया गेले म्हणू नका.

सॅनिटायझरचा देखावा

जेवणाच्या दालनाबाहेर कर्मचारी हसतमुखाने हातावर सॅनिटायझर देतात. छान आहे. पण जहाजांवर जुलाब-उलट्यांच्या ज्या साथी येतात त्यांतल्या बऱ्याच नोरोव्हायरसच्या असतात, आणि या विषाणूवर अल्कोहोलचं सॅनिटायझर पुरेसा परिणाम करत नाही. त्याला साबण आणि वाहतं पाणीच हवं, निदान २० सेकंद. शौचालयानंतर आणि प्रत्येक जेवणाआधी. बुफेतला डाव तुमच्या आधी पन्नास जणांनी धरलेला असतो हे विसरू नका.

लागण झाल्यावर साधारण १२ ते ४८ तासांत लक्षणं दिसतात आणि एक ते तीन दिवसांत बहुतेक जण बरे होतात. खरी अडचण वेगळी आहे. माणसं जुलाब लपवतात. कळलं तर केबिनमध्ये बसवतील, पैसे फुकट जातील, म्हणून गुपचूप गोळी घेऊन पुन्हा बुफेच्या रांगेत उभी राहतात. तुमच्या या पैसे-वसूल हिशोबात पलीकडच्या टेबलावरच्या ऐंशी वर्षांच्या आजी आडव्या होतात. आजार सांगणं हा तिथे शिष्टाचार आहे.

जुलाब-उलट्या सुरू असताना मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या तशाच चालू ठेवल्या तर त्रास वाढू शकतो. मेटफॉर्मिन, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधं अशा वेळी काही दिवस थांबवावी लागू शकतात. इन्सुलिन मात्र आपल्या मनाने कधीही बंद करायचं नसतं. तुमच्यासाठी नियम काय, हे निघण्याआधी विचारून कागदावर लिहून घ्या.

औषधांची पिशवी

बंदरावर पोचलात की मोठ्या बॅगा काढून घेतल्या जातात. त्या तुमच्या केबिनच्या दाराशी यायला कित्येक तास लागतात. दुपारची इन्सुलिन, संध्याकाळची रक्तदाबाची गोळी त्या बॅगेत असेल तर पहिल्याच दिवशी डोस चुकला. म्हणून औषधं नेहमी हातातल्या पिशवीत. विमानातही तेच. सामानाच्या कप्प्यात इन्सुलिन गोठून निकामी होऊ शकतं.

किती न्यायची? प्रवासाचे दिवस अधिक निदान आठवड्याची. २०२० च्या फेब्रुवारीत जपानमधल्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' जहाज कोविडमुळे अडकलं. जहाजावर ३,७११ माणसं होती, त्यांपैकी ७१२ जणांना लागण झाली. त्यात आपले भारतीय कर्मचारीही होते. बातम्या कोविडच्या झाल्या, पण अडकलेल्यांपैकी अनेकांची रोजची चिंता वेगळी होती: बरोबर आणलेल्या बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या संपत आल्या होत्या. जहाज वादळानेही उशिरा पोचतं. चार रात्रींसाठी मोजून चार गोळ्या नेणं हा काटकसरीचा चुकीचा प्रकार आहे.

गोळ्या डबीत सुट्या करून नेऊ नका. मूळ पट्टीसह न्या, सोबत औषधांची मूळ नावं लिहिलेली चिठ्ठी ठेवा. आपल्या ब्रँडची नावं परदेशातल्या डॉक्टरला कळत नाहीत. सिंगापूर, दुबईकडे जाणार असाल तर आणखी काळजी: कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉल, काही झोपेच्या गोळ्या यांच्यावर तिथे कडक नियम आहेत, पूर्वपरवानगी लागू शकते. आणि हो, संयुक्त अरब अमिरातीत खसखशीला बंदी आहे. आईने प्रेमाने दिलेले अनारसे घरीच खा. तसंही घरी केलेले पदार्थ आणि पाणी तापवायची किटली बहुतेक जहाजांवर नेऊ देत नाहीत.

विम्यातला 'नाही'

आपला नेहमीचा मेडिक्लेम साधारणपणे देशाबाहेरच्या उपचारांचे पैसे देत नाही. जहाजावरच्या तपासणीचं बिल थेट तुमच्या केबिनच्या खात्यावर लागतं. आधी भरायचं, मग विमा कंपनीकडे मागायचं. जहाजावरून हलवावं लागलं तर तो खर्च घर हलवून टाकणारा असतो. म्हणून प्रवास विमा घेताना तीन गोष्टी विचारा: क्रूझ त्यात धरली आहे का? जहाजावरून हलवण्याचा खर्च मिळतो का? आधीपासूनच्या आजाराचं काय?

तिसऱ्या प्रश्नावर लोक खोटं बोलतात. शंभर-दोनशे रुपयांनी हप्ता वाढेल म्हणून मधुमेह लपवतात. दावा आला की विमा कंपनी जुने कागद मागवते, आणि दहा वर्षांची माझी प्रिस्क्रिप्शन त्यांच्या टेबलावर जातात. लपवलेल्या आजारावरून दावा नाकारला जाऊ शकतो. त्या वेळी मी काहीही लिहून देऊ शकत नाही.

"इतकं घाबरवता कशाला?"

हा प्रश्न येणारच. हजारो लोक जातात, हसत परत येतात, मग हे पुराण कशाला?

बरोबर आहे, बहुतेक जण सुखरूपच परत येतात. पण गाडीत पट्टा बांधताना आपण अपघात होणारच असं समजत नाही. 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे जहाज १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिलिओ बेटाजवळ खडकावर आपटलं. ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची सुरक्षिततेची कवायत तोवर झालीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला आणि ती कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घ्यायची ठरलं. तरीही आपल्याकडचे लोक त्या वेळी सेल्फी काढत असतात. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा म्हणजे धोक्याची सूचना, एवढं तरी घरातल्या प्रत्येकाला पाठ असू द्या.

दुसरा आक्षेप: "या वयात एवढं बघत बसलो तर जगायचं कधी?" उलट आहे. तयारी केलेला माणूसच तिथे मोकळा असतो. ज्याला आपली गोळी कुठे आहे, काय खायचं, कुणाला फोन करायचा हे माहीत आहे, तो निवांत डेकवर बसतो. बाकीचे केबिनमध्ये बॅगा उपसत असतात.

निघण्याआधी एवढं करा

एक महिना आधी: डॉक्टरांना भेटा. रक्तदाब, शुगर, गरजेप्रमाणे ईसीजी आणि क्रिएटिनिन. साठीच्या पुढे असाल तर फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसीबद्दल विचारा. फ्लूची लस निदान दोन आठवडे आधी घ्यायला हवी.

बुकिंग करताना: बेटावर उतरायचं कसं ते विचारा. लक्षद्वीपसारख्या ठिकाणी मोठं जहाज दूर थांबतं आणि हलत्या छोट्या बोटीत पाय टाकून उतरावं लागतं. गुडघे बदललेल्यांनी आधीच विचार करावा. इन्सुलिनसाठी फ्रिज आणि सुया टाकायचा डबा, झोपेच्या यंत्रासाठी प्लग हे आधी कळवा.

हातातल्या पिशवीत: जास्तीची औषधं, चिठ्ठी, जुना ईसीजी, ग्लुकोमीटर, साखरेची पुडी, ओआरएसची पाकिटं, रक्तगट आणि घरच्यांचा नंबर.

जहाजावर: बुफे सहा वेळा लागतो म्हणून सहा वेळा जेवायचं नाही. हृदय कमकुवत असलेल्यांनी लोणची, पापड, सूप, चिप्स यातलं मीठ सांभाळावं. गोळ्यांची वेळ जहाजाच्या घड्याळाशी नीट जुळवून घ्या. सिंगापूरचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे असतं.

शेवटी मुलांना एक सांगणं. आईबाबांना तिकीट दिलंत, फार चांगलं केलंत. आता एक सकाळ सुट्टी काढा आणि त्यांच्यासोबत त्यांच्या डॉक्टरकडे बसा. फॉर्म त्यांच्या समोर बसून, खरा भरा. सहल आयोजकांनाही एक विनंती: कपड्यांच्या रंगाच्या यादीखाली औषधांची यादीही टाका, एक ओळ पुरेल. तुमच्या पुढच्या ग्रुपला ती ओळ मी लिहून द्यायला तयार आहे.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषधं सुरू करणं, बंद करणं किंवा बदलणं तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करा.)